रुडॉल्फ डिझेल व त्याचे इंजिन

ज्या मनुष्याचे नाव आपल्या वाशीम जिल्ह्यात प्रत्येक पेट्रोलपंपावर व प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येते, तो कोण व कोठला, हे आमच्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असते. नववीच्या वर्गात आम्ही एकदा विचारून पाहिले; डिझेल हे एका तेलाचे नाव होय, ह्यापलीकडे उत्तर मिळाले नाही. त्यात मुलांचा दोष नाही. ह्या यंत्रज्ञाचे चरित्र लिहावे असे आमच्या मनात पुष्कळ दिवस होते. परंतु लेखणी उचलण्यास जे निमित्त घडले ते आमच्या स्वतःच्या चुकीचे आहे, आणि ते आधी सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

आमच्या एका शिक्षक स्नेह्याने मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाकरिता काही रक्कम साठविली होती. रोजच्या जाण्यायेण्याचा त्रास वाचावा म्हणून त्यातील बराच भाग काढून एक जुनी डिझेल मोटार घ्यावी असे त्याने ठरविले, व आम्ही भौतिकशास्त्र शिकवितो म्हणून गाडी पाहावयास आम्हांस बरोबर नेले. आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी अंगणात चालू करूनच ठेविली होती. रंग आरशासारखा, मीटरवरील आकडा लहान, आणि बंद करून पुन्हा किल्ली फिरविताच इंजिन क्षणात सुरू झाले. आम्ही मान डोलाविली व सौदा झाला. पुढे मार्गशीर्षातील थंडीत एका पहाटे ती गाडी काही केल्या सुरू होईना. पांढऱ्या धुराचे लोट निघाले, बॅटरी उतरली, आणि अखेरीस मिस्त्रीने इंजिन खोलून दाखविले की पिस्टनच्या रिंगा झिजून गेल्या होत्या. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाइतका आला व मुलीची फी त्या वर्षी उशिरा भरली गेली. विकणाऱ्याने आम्हांस फसविले हे खरे. परंतु दाबलेली हवा तापते, हा नियम वीस वर्षे फळ्यावर लिहिणाऱ्या आम्हांस, त्या गाडीच्या बॉनेटवर नुसता तळहात ठेवून पाहण्याचेही सुचू नये, ह्याचा दोष कोणाकडे जातो ते वाचकांनीच ठरवावे.

रुडॉल्फ डिझेल ह्याचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे झाला. आईबाप जर्मन होते. बाप थेओडोर हा आउग्सबुर्गचा. पॅरिसात चामड्याच्या वस्तू तयार करून तो कसाबसा संसार चालवी, आणि तयार माल हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचविण्याचे काम ह्या मुलाकडे असे. सवड सापडली की हा मुलगा शहरातील यंत्रांच्या संग्रहालयात जाऊन उभा राही. सन १८७० साली फ्रान्स व जर्मनी यांच्यामध्ये युद्ध पेटले आणि पॅरिसमधील जर्मनांस देशत्याग करावा लागला. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तेथे पोटाची ददात; म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला आउग्सबुर्ग येथे नातलगांकडे धाडण्यात आले. युद्धाच्या त्या धामधुमीत तो प्रवास त्याने एकट्याने केला. ज्यांच्या घरी तो राहिला ते गृहस्थ गणिताचे शिक्षक होते.

त्या गावच्या शाळेत त्याने एक लहानसे उपकरण पाहिले असे त्याच्या चरित्रात सांगतात. काचेची एक जाड नळी, तिच्यात घट्ट बसणारा दट्ट्या, आणि तळाशी कापसासारख्या चटकन पेटणाऱ्या पदार्थाचा तुकडा. दट्ट्या जोराने खाली दाबला की आतील हवा एकाएकी इतकी तापते की तो तुकडा काडी न लाविता पेट घेतो. सायकलचा पंप मारताना त्याचे टोक हातास गरम लागते, हा अनुभव आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यास आहे. तोच हा प्रकार. नळी व दट्ट्या यांच्यामध्ये सूतभर जरी फट राहिली तरी हवा निसटते व ठिणगी पडत नाही, एवढी गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आमच्या स्नेह्याच्या मोटारीचे सारे दुखणे तेवढेच होते.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो म्यूनिच येथील तंत्रविद्यालयात गेला. तेथे प्राध्यापक लिंडे यांच्या व्याख्यानात त्याने ऐकले की वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेच्या शंभर भागांपैकी सहा ते दहा भागच कामास लावते. बाकीची सर्व उष्णता वाया जाते. त्या दिवसापासून हा अपव्यय थांबविण्याचा विचार त्याच्या डोक्यातून गेला नाही. विषमज्वरामुळे त्याची अंतिम परीक्षा लांबली, परंतु सन १८८० साली तो अत्युच्च गुणांनी उत्तीर्ण झाला, आणि लिंडे यांच्याच बर्फ करण्याच्या यंत्रांचे काम पाहण्यासाठी पुन्हा पॅरिसला गेला. सन १८८३ मध्ये त्याचे लग्न झाले. पुढे त्यास तीन मुले झाली. नोकरी सांभाळून त्याने अमोनियाच्या वाफेवर चालणारे इंजिन करण्यात कित्येक वर्षे घालविली. ते साधले नाही.

सन १८९२ मध्ये त्याने पेटंटासाठी अर्ज केला व पुढील वर्षी ते मिळाले. कल्पना सांगावयास सोपी होती. नळकांड्यात प्रथम नुसती हवा घेऊन ती इतकी दाबावयाची की ती आपोआप तापावी. मग तीत तेल सोडावयाचे, म्हणजे ते ठिणगीवाचून पेट घेईल. आउग्सबुर्ग येथील यंत्रांच्या कारखान्याने त्यास जागा व माणसे दिली, आणि क्रुपसारख्या बलाढ्य पेढीनेही पैसा पुरविला. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिला प्रयोग झाला. कारखान्याच्या पट्ट्याने इंजिन फिरवून आत तेल सोडताच असा स्फोट झाला की दाब मोजण्याचे यंत्र फुटून त्याचे तुकडे उडाले. कोणी जखमी झाले नाही, आणि तेल हवेच्या दाबानेच पेटते एवढे सिद्ध झाले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी ते इंजिन प्रथमच स्वतःच्या बळावर चालले, तेही सुमारे एक मिनिट, मिनिटास ८८ फेऱ्यांच्या गतीने. पट्टा सैल पडला, म्हणजे आता कारखाना इंजिनास ओढीत नसून इंजिनच फिरत आहे, हे डिझेलच्या आधी तेथील मिस्त्रीने ओळखले व आपली टोपी काढून त्यास मुजरा केला, अशी आख्यायिका आहे. आम्हांस ती खरी वाटते, कारण इंजिनाची नाडी शोधकाच्या आधी मिस्त्रीस समजल्याचे आम्ही अलीकडेच पाहिले आहे.

आणखी तीन वर्षे गेली. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्यूनिचचे प्राध्यापक श्र्योटर यांनी नव्या इंजिनाची रीतसर परीक्षा घेतली. नळकांडे एक, मिनिटास १५४ फेरे, शक्ती सुमारे १८ अश्वशक्ती. आणि तेलातील उष्णतेच्या शंभर भागांपैकी सव्वीसांहून किंचित अधिक भाग कामास लागलेले आढळले. वाफेच्या इंजिनाशी ताडून पाहिले म्हणजे ह्या आकड्याचा अर्थ कळतो. ते इंजिन आजही म्यूनिचच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडे ह्या बदलास पुढे किती काळ लागला ह्याची साक्ष कारंज्याचे वृद्ध लोक देतील: मूर्तिजापूर–यवतमाळ ह्या अरुंद रुळांच्या लोहमार्गावर मँचेस्टर येथे सन १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन सत्तर वर्षे गाडी ओढीत होते, आणि सन १९९४ मध्ये त्याची जागा डिझेलच्या इंजिनाने घेतली.

येथपर्यंतची कथा बहुतेक पाठ्यपुस्तकांत सापडते. पुढची सहसा सापडत नाही, व आमच्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. परीक्षेचा आकडा प्रसिद्ध होताच जर्मनी, इंग्लंड, अमेरिका व रशिया येथील कारखानदार परवाने घेण्यासाठी धावले. डिझेल लक्षाधीश झाला. सन १८९८ मध्ये केंप्टेन येथील आगपेट्यांच्या कारखान्यात साठ अश्वशक्तीचे इंजिन बसविले गेले, आणि तेथून विपत्तीस आरंभ झाला. प्रयोगशाळेत प्राध्यापकांच्या देखत जे सुरळीत चालले, ते कारखान्यात साध्या कामगारांच्या हाती रोज दहा तास चालेना. तेलाचा फवारा तुंबे, झडपांतून व सांध्यांतून हवा गळे, तेल आत फुंकण्यासाठी लागणारा हवेचा पंप नादुरुस्त होई. एक इंजिन बसविले की त्यामागे दुरुस्तीस माणूस धाडावा लागे. आउग्सबुर्ग येथे ह्या इंजिनांसाठी म्हणून नवा कारखाना काढला होता. त्याची इंजिने गिऱ्हाइकांनी परत केली व तो बंद पडला. त्याच वर्षी डिझेलची प्रकृती इतकी ढासळली की त्यास आरोग्यधामात जाऊन राहावे लागले.

सन १८९७ चा आकडा खोटा नव्हता. परंतु इंजिन किती उष्णता कामास लावते हा एक प्रश्न, आणि ते रोज सकाळी सुरू होते काय हा दुसरा. पहिल्याचे उत्तर एका दिवसात मिळते. दुसऱ्याचे उत्तर मिळविण्यासाठी आउग्सबुर्गच्या जुन्या कारखान्यातील यंत्रज्ञांनी एकेक झडप व एकेक सांधा सुधारीत पुढील काही वर्षे खर्ची घातली, आणि त्यांची नावे फारशी कोणास ठाऊक नाहीत. डिझेलला ह्या दोन प्रश्नांतील अंतर कळले नाही असे आम्ही म्हणणार नाही. ते मान्य करणे मात्र त्यास जड गेले असे दिसते. विकत घेणाऱ्याची गत निराळी. त्याच्या पुढ्यात सहसा पहिलेच उत्तर ठेविलेले असते: चकचकीत रंग, मीटरचा आकडा, प्रशस्तिपत्र.

आमच्या मिस्त्रीने मागाहून जे शिकविले ते येथेच नमूद करितो, कारण त्यातील प्रत्येक गोष्ट डिझेलच्या मूळ कल्पनेतूनच निघते. जुनी डिझेल मोटार पाहावयास जाताना इंजिन थंड ठेवावे असे आधी कळवावे, आणि गेल्यावर बॉनेटला हात लावून पाहावे. गरम लागले तर गाडी निवेपर्यंत थांबावे किंवा दुसऱ्या दिवशी यावे. झिजलेले इंजिन थंडीतच आपले गुपित बोलते. हवा निसटते, पुरती तापत नाही, आणि तेल न पेटता पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. इंजिन चालू असता ऑइल भरण्याचे झाकण सैल करावे. आतून जोराने वाफारे येऊन झाकण उडू पाहत असेल, तर रिंगांजवळून दाब खाली उतरत आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते. काळा धूर सतत राहिला तर तेल अधिक पडते किंवा हवा कमी मिळते. इंजिनातील ऑइल काळे दिसल्याने मात्र घाबरू नये. डिझेल इंजिनात ते लवकर काळे होतेच. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे असे समजून परत फिरावे. गाडीत दोन-तीन माणसे बसवून एखादा चढ चढवून पाहावा. मीटर मागे फिरविता येतो, म्हणून आकड्यापेक्षा दुरुस्तीच्या जुन्या पावत्यांवर अधिक भिस्त ठेवावी. आणि एप्रिल २०२० नंतरच्या नियमांप्रमाणे बनलेली गाडी असेल, तर तिच्या धुराड्यातील काजळीची गाळणी केवळ गावातल्या गावात गाडी फिरविल्याने तुंबते, हेही विचारात घ्यावे.

सन १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिनास सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्याच प्रदर्शनात एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. सन १९१२ मध्ये डेन्मार्कचे सेलांडिया हे मोठे जहाज डिझेलच्या बळावर कोपनहेगनहून बँकॉकला गेले. इंजिनाची भरभराट होत होती, परंतु इंजिनाच्या जनकाची अवस्था वेगळी होती. म्यूनिच येथे त्याने राजवाड्यासारखे घर बांधले होते. जमिनीच्या व्यवहारांत तो बुडाला, पेटंटाच्या कज्ज्यांत शिणला, आणि मोटारीत बसेल असे लहान इंजिन करण्याचे त्याचे प्रयत्न फसले. कर्ज किती झाले हे त्याने घरीही कळू दिले नाही.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी अँटवर्प बंदरात तो इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन नावाच्या बोटीवर चढला. रात्री सोबत्यांबरोबर जेवला व आपल्या खोलीकडे गेला. सकाळी खोली रिकामी होती. बिछाना वापरलेला नव्हता. डेकवर त्याची टोपी व कोट सापडला. काही दिवसांनी एका डच बोटीस समुद्रात एक प्रेत दिसले. खलाशांनी खिशांतील वस्तू काढून घेतल्या व प्रेत पुन्हा लाटांच्या स्वाधीन केले; त्या वस्तू आपल्या वडिलांच्याच आहेत हे मुलगा ऑयगेन याने ओळखले. मरणाचे कारण कधीच निश्चित झाले नाही. त्यावर पुष्कळ तर्क लढविले गेले आहेत. ते येथे देण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही. त्याचे वय पंचावन्न होते.

मोटारीत बसणारे डिझेल इंजिन त्याच्या मागे दुसऱ्यांनी सिद्धीस नेले. तेल आत फुंकणारा हवेचा अवजड पंप गेला. सन १९२७ पासून बॉश यांचा लहानसा तेलाचा पंप विकत मिळू लागला, आणि सन १९३६ मध्ये मर्सिडीज-बेंझ यांची डिझेलवर चालणारी प्रवासी मोटार बाजारात आली. आपल्याकडे पुण्यास सन १९४६ साली किर्लोस्करांनी ऑइल इंजिनांसाठी स्वतंत्र कंपनी काढली, आणि विहिरीवरील मोटेची जागा घेणारी ती इंजिने आमच्यापैकी अनेकांनी लहानपणी शेतावर ऐकली आहेत.

आमच्या स्नेह्याची गाडी नव्या रिंगा व लायनर घातल्यापासून पहाटेच्या थंडीतही एका किल्लीत सुरू होते. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षात आहे. मागच्या महिन्यात शेजारच्या गावी एकाने त्याला जुनी गाडी पारखावयास बोलाविले, तेव्हा आम्हीही सोबत गेलो. त्याने कोणाशी बोलण्याच्या आधी बॉनेटवर तळहात ठेविला. ते ऊन लागले. आम्ही दोघे ओट्यावर बसलो, चहा घेतला, आणि इंजिन निवेपर्यंत दीड तास तेथून हललो नाही.