जोसेफ लँकेस्टर

धूळपाटीवर बोटानें अक्षर गिरविण्याची चाल आपल्याकडील जुन्या पंतोजींच्या शाळांत सर्वत्र होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडन शहरांतील एका शाळेंतही मुलें वाळूंत अक्षरें गिरवीत असत, हें वाचून पुष्कळांस नवल वाटेल. त्या शाळेचा चालक जोसेफ लँकेस्टर होय.

त्याचा जन्म २५ नोव्हेंबर १७७८ रोजीं लंडनच्या सदर्क भागांत, चाळण्या करणाऱ्या एका सामान्य कारागिराच्या घरीं झाला. तरुणपणीं तो क्वेकर पंथांत गेला. १७९८ सालीं, वयाचीं वीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, त्यानें गरिबांच्या मुलांसाठीं शाळा काढिली. ज्यांस फी देण्याचें सामर्थ्य नसे, त्यांच्या मुलांस तो फुकट शिकवी. लौकरच बरो रोडवरील त्याच्या शाळेंत शेंकडों मुलें जमलीं. परंतु पगारी शिक्षक ठेवण्यास पैसा कोठून आणावा?

मद्रासेंतील अनाथगृहाचा अधीक्षक डॉ. अँड्र्यू बेल यानें एका देशी शाळेंत मुलें वाळूंत लिहितांना पाहून ती रीत उचलिली होती, आणि मोठ्या मुलांकडून धाकट्यांस शिकविण्याचा प्रयोग केला होता. त्याचा वृत्तांत १७९७ सालीं प्रसिद्ध झाला व पुढें तो लँकेस्टरच्या वाचनांत आला. हाच मार्ग लँकेस्टरनें आपल्या शाळेंत पूर्णत्वास नेला. सुमारें दहा मुलांवर एक हुशार विद्यार्थी नायक म्हणून नेमावा. लहानांनीं वाळूंत व पुढें पाटीवर लिहावें. एकच धडा मोठ्या अक्षरांत छापून भिंतीस टांगावा व मुलांनीं त्याभोंवतीं अर्धवर्तुळांत उभें राहून तो वाचावा, अशी त्याची व्यवस्था होती. त्यामुळें एका गुरूच्या देखरेखीखालीं हजार मुलें अल्प खर्चांत शिकूं शकत. १८०३ सालीं त्यानें आपल्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला आणि १८०५ सालीं राजा तिसरा जॉर्ज यानें त्यास भेटीस बोलावून आश्रय दिला.

परंतु त्याचें खरें मोठेपण याहून निराळ्या गोष्टींत आहे. आपण एकटा कितीही झटलों तरी एकच शाळा चालेल, हें जाणून त्यानें निवडक तरुणांस आपल्याजवळ ठेवून घेतलें, त्यांस अध्यापनाची रीत शिकविली आणि इतर शहरांत शाळा चालविण्यास पाठविलें. बरो रोडची शाळा अशा प्रकारें शिक्षकांची शाळा झाली.

त्याच्या अंगीं दोषही थोडे नव्हते. मुलांस मारणें त्यास आवडत नसे. परंतु गळ्यांत लांकडी ओंडका अडकविणें, टोपलींत बसवून छतास टांगणें, अशा अपमानकारक शिक्षा त्यानें सुचविल्या. नायक स्वतःच अल्पवयी असल्यानें पाठांतर होई, पण अर्थबोध कमी होई. पैशाच्या बाबतींत तर त्यास धरबंध नव्हता. तो कर्जांत बुडाला तेव्हां १८०८ सालीं हितचिंतकांनीं मंडळी स्थापून शाळा सांवरली. परंतु हिशेब देणें त्यास अपमान वाटे. अखेर त्यांच्याशीं त्याचें बिनसलें, आणि १८१८ सालीं तो अमेरिकेस गेला. बाल्टिमोर, कॅराकास, माँट्रिअल अशा ठिकाणीं त्यानें नशीब अजमाविलें. कोठेंही तो स्थिरावला नाहीं. ऑक्टोबर १८३८ मध्यें न्यूयॉर्कच्या रस्त्यांत घोडागाडीखालीं सांपडून त्याचा अंत झाला.

त्याचें कार्य मात्र थांबलें नाहीं. त्यानें सोडलेली संस्था शिक्षक तयार करीतच राहिली. १८२२ नंतर मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीनें कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याच्या देखरेखीखालीं मराठी व गुजराती शिक्षक तयार केले, तेव्हां लँकेस्टरचीच पद्धति पुढें होती. वाळूंतील अक्षरें अशा रीतीनें फिरून आपल्या किनाऱ्यास लागलीं! पुढें इंग्लंडांत १८४६ पासून बालनायकांच्या जागीं पांच वर्षें उमेदवारी करणारे विद्यार्थी-शिक्षक नेमण्यास आरंभ झाला. कारण, ज्यास स्वतःस येतें त्यास शिकवितां येतेंच असें नाहीं, हें अनुभवानें पटलें होतें.

ज्यानें सहस्रावधि मुलांस शिस्त लाविली, त्यास स्वतःच्या व्यवहारास शिस्त लावितां आली नाहीं, ही त्याच्या चरित्रांतील खंत होय. तथापि आपणांस आलेलें अक्षर शेजारच्यास शिकवावें, हा त्याचा धडा प्रत्येक विद्यार्थ्यास आजही गिरवितां येईल. आणि त्यासाठीं पैसा लागत नाहीं.