ससुल्याच्या गोष्टीची मालकीण

यंदाच्या स्मरणिकेत एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र द्यावे असे ठरले, तेव्हा मी इंग्लंडच्या बीट्रिक्स पॉटर यांचे नाव सुचविले. इतक्या दूरची बाई कशाला, असे काहींना वाटेल. पण आपल्या वाशिमात, कारंज्यात अशा मुली आहेत की ज्या लहान मुलांसाठी गोष्टी लिहितात आणि चित्रेही स्वतःच काढतात. त्यांचा प्रश्न एकच असतो : हे छापण्यासाठी न्यायचे कोणाकडे, आणि मध्ये शब्द टाकणारे कोणी मिळेल काय?

विलायतेत यासाठी पुस्तकांचे अडत्ये असतात. बाजार समितीतला अडत्या जसा आपला माल गिऱ्हाइकापुढे मांडतो आणि आपली अडत घेतो, तसाच हाही. हस्तलिखित प्रकाशकांना दाखवितो, करार ठरवितो आणि लेखकाच्या मिळकतीतला टक्का घेतो. आपल्याकडे ही चाल फारशी रुजली नाही. मराठी लेखक बहुधा थेट प्रकाशकाच्या दारात जातो. पॉटरबाईंच्या काळी लंडनात असे अडत्ये होते, पण त्यांचे पहिले पुस्तक अशा कोणाच्या हातून गेले नाही.

बाईंचा जन्म २८ जुलै १८६६ रोजी लंडनमध्ये झाला. घरची श्रीमंती कापडाची. आजोबांचा छापील कापडाचा मोठा कारखाना होता. त्याच सुमारास आपल्या वऱ्हाडचा कापूस गाठोड्यांनी लँकेशायरच्या गिरण्यांकडे जात होता, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. मुलीला शाळेत घातले नाही; शिकविणाऱ्या बाई घरीच येत. सोबत म्हणावी तर एक धाकटा भाऊ आणि पाळलेले ससे, उंदीर, साळू. त्यांची चित्रे काढता काढता हात तयार झाला. पुढे अळंब्यांचा नाद लागला. अळंब्यांच्या बीजकणांविषयी त्यांनी एक निबंध लिहिला, तो १८९७ साली लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे ठेवला गेला. पण स्त्रियांना तेथे प्रवेश नसल्याने तो एका पुरुष शास्त्रज्ञाने मांडला. त्या सोसायटीने या वागणुकीबद्दल खेद व्यक्त केला तो १९९७ साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी!

चित्रांची पहिली कमाई १८९० ची. सशांची काही चित्रे एका शुभेच्छापत्रांच्या कंपनीने सहा पौंडांना घेतली. १८९३ च्या सप्टेंबरात त्यांच्या पूर्वीच्या शिक्षिकेचा पाच वर्षांचा मुलगा नोएल आजारी होता. त्याला पत्रात लिहिण्यासारखे काही नव्हते, म्हणून बाईंनी चार ससुल्यांची गोष्ट रचून चित्रांसह धाडली. पुढे सात वर्षांनी त्या शिक्षिकेनेच सुचविले की, या पत्रांची पुस्तके होतील. नोएलने पत्र जपून ठेवले होते. बाईंनी ते उसने मागून घेतले आणि वाढवून पुस्तक सिद्ध केले.

सहा प्रकाशकांनी ते नाकारले. बाईंचा आग्रह होता की, पुस्तक लहान मुलाच्या मुठीत मावेल एवढे असावे, पानागणिक चित्र असावे आणि किंमत अगदी थोडी असावी. प्रकाशकांना मोठे, महागाचे पुस्तक हवे होते. मला वाटते, इथेच पुष्कळ जणींनी मान तुकवली असती. बाईंनी मात्र १९०१ च्या डिसेंबरात पदरचे पैसे घालून २५० प्रती छापून घेतल्या. नातलगांत आणि ओळखीपाळखीत त्या संपल्या, आणि दोन महिन्यांत आणखी २०० काढाव्या लागल्या.

मध्यस्थ मात्र एक होता. कॅनन रॉन्सली नावाचे पाद्रीबाबा कुटुंबाचे स्नेही होते, आणि कविता करीत. त्यांनी ससुल्याची गोष्ट पद्यात बसविली आणि बाईंच्या चित्रांसह फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशकांकडे पाठविली. वॉर्नमंडळींना चित्रे पसंत पडली, पद्य नको झाले! बाईंचीच साधी गोष्ट हवी, पण चित्रे रंगीत हवीत, असे त्यांनी कळविले. आकार लहान ठेवण्यास ते तयार होते, तेव्हा रंगांपुरती बाईंनी माघार घेतली. (आपल्या श्रावणातल्या कहाण्याही अशाच एका ओळखीने विलायतेस पोचल्या. किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने त्या इंग्रजीत सांगितल्या, चित्रे आपल्या धुरंधरांनी काढली आणि लंडनच्या मॅकमिलनने १९१४ साली पुस्तक काढले.) १९०२ च्या ऑक्टोबरात पीटर रॅबिटची पहिली ८,००० प्रतींची आवृत्ती निघाली, किंमत एक शिलिंग. वर्ष संपेतो छापील प्रती २८,००० वर गेल्या.

पण अमेरिकेत हक्क नोंदवायचे राहून गेले. तिकडे ज्याला वाटेल त्याने पुस्तक छापले, आणि त्याची एक कवडीही बाईंना मिळाली नाही. तेव्हापासून त्या सावध झाल्या. १९०३ च्या अखेरीस ससुल्याची कापडी बाहुली स्वतः शिवून तिची रीतसर नोंदणी केली. पुढे खेळ, भिंतीचे कागद यांतूनही हक्काचे उत्पन्न घेतले.

पुस्तकांचे काम पाहणारे नॉर्मन वॉर्न यांच्याशी पत्रांतून स्नेह जमला. १९०५ च्या जुलैत त्यांनी मागणी घातली. व्यापारी घराणे म्हणून आईवडिलांनी विरोध केला, तरी एकोणचाळिशीच्या बाईंनी होकार दिला. महिन्याभरातच नॉर्मन रक्ताच्या कर्करोगाने वारले. त्याच वर्षी पुस्तकांच्या मिळकतीतून आणि एका वारशातून बाईंनी लेक डिस्ट्रिक्टमधील हिलटॉप हे शेत घेतले. पुढची शेते घेताना विल्यम हीलिस या वकिलांची मदत झाली, आणि १९१३ साली सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांच्याशीच विवाह झाला.

हिशेबाचे दुखणे राहिलेच होते. प्रकाशनाचा कारभार आता नॉर्मनचे बंधू हॅरल्ड यांच्याकडे होता. त्यांचे हिशेब वर्षानुवर्षे रेंगाळत, बाई पत्रांमागून पत्रे लिहीत. १९१७ साली खोट्या हुंड्यांच्या आरोपावरून हॅरल्ड यांना अटक होऊन अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. कंपनी बुडण्याच्या बेतात आली. बाईंचे पैसे अडकले होते. तरी जुनी चित्रे काढून त्यांनी घाईने नवे पुस्तक दिले आणि कंपनी सावरली. दया म्हणा की व्यवहार. कंपनी बुडती तर त्यांची सारी पुस्तकेही तिच्याबरोबर घोटाळ्यात सापडती.

उत्तरायुष्यात पुस्तके कमी आणि मेंढ्या जास्त. त्या डोंगराळ मुलखातल्या हर्डविक जातीच्या मेंढ्या त्यांनी वाढविल्या, प्रदर्शनांत बक्षिसे घेतली. गावात त्यांना कोणी लेखिका म्हणून नव्हे, शेतकरीण मिसेस हीलिस म्हणून ओळखत. मेंढपाळांच्या संघाने अध्यक्षपदासाठी निवडही केली, पण पद हाती येण्यापूर्वी २२ डिसेंबर १९४३ रोजी त्या निवर्तल्या.

मृत्युपत्राने त्यांची चार हजार एकरांहून अधिक जमीन आणि शेते पतीच्या पश्चात नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेली. ही संस्था १८९५ साली स्थापन करणाऱ्या तिघांपैकी एक म्हणजे तेच पद्य करणारे रॉन्सलीबाबा. डोंगरातल्या शेतांवर हर्डविक मेंढ्यांचेच कळप राखावेत, अशी अटही बाईंनी त्या कागदात घातली होती.