लँबारेनेचा डॉक्टर

ऑर्गनवादक आणि धर्मशास्त्राचे अभ्यासक म्हणून युरोपात नावलौकिक मिळालेला असताना अल्बर्ट श्वाइट्झर यांनी तिशीत वैद्यकाचा विद्यार्थी होणे पत्करले. १८७५ मध्ये अल्सेस प्रांतात जन्मलेले श्वाइट्झर १९१३ मध्ये पत्नी हेलेन यांच्यासह आजच्या गॅबनमधील लँबारेने येथे पोहोचले. कोंबड्यांचे खुराडे हाच त्यांचा पहिला दवाखाना ठरला.

ओगोवे नदीतून होड्यांनी हिवताप, निद्रारोग, कुष्ठरोगाचे रुग्ण येत. सोबतचे नातलग तेथेच मुक्काम करून रुग्णासाठी रांधत. डॉक्टरांना औषधोपचाराइतकेच सुतारकाम आणि बांधकामही पाहावे लागे. रात्री मात्र ते पियानोवर बाख वाजवीत.

पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून १९१७ मध्ये त्यांना बंदी करून फ्रान्सला नेण्यात आले. १९२४ मध्ये ते परतले, तेव्हा रुग्णालय मोडकळीस आले होते. त्यांनी ते नव्याने उभारले. १९५२ च्या शांतता नोबेलची रक्कम कुष्ठरोग्यांच्या वसाहतीस दिली.

आफ्रिकी माणसाला बरोबरीचा न मानता धाकटा भाऊ मानण्याच्या त्यांच्या वृत्तीवर टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती. तरीही गॅबन स्वतंत्र झाल्यावर ते तेथेच राहिले. ४ सप्टेंबर १९६५ रोजी लँबारेनेतच त्यांचे निधन झाले. तेथील रुग्णालय आजही सुरू आहे.