75 ओहमची केबल 120 ला जोडायची कशी? हे गणित मांडणारा हेविसाइड कोण होता?

धायरीतल्या एखाद्या कारखान्याने फोनसाठी ई-वन लाइन घेतली, की एक अडचण येऊ शकते. आलेली केबल गोल, कोॲक्सियल, 75 ओहमची. मशीनला हवी पिळलेल्या तारांची जोडी, 120 ओहमची. मग मधे छोटीशी डबी बसवतात. तिला बॅलन म्हणतात. ती निवडताना जे गणित लागतं, ते मांडणाऱ्या माणसाने सोळाव्या वर्षीच शाळा सोडली होती.

ऑलिव्हर हेविसाइड. जन्म 18 मे 1850, लंडन. घरची गरिबी, त्यात लहानपणी स्कार्लेट फीवर झाला आणि ऐकू कमी यायला लागलं. पण मावशीचे यजमान होते चार्ल्स व्हीटस्टन, म्हणजे तारायंत्रातलं बडं नाव. ऑलिव्हरही तार कंपनीत लागला. 1874 मध्ये नोकरी सोडली, ती कायमचीच. घरच्या खोलीत बसून तो मॅक्सवेल वाचत राहिला.

1880 मध्ये त्याने पेटंट घेतलं. एक तार मधोमध, दुसरी तिच्याभोवती नळीसारखी, म्हणजे शेजारच्या तारांची लुडबुड नको. हीच कोॲक्सियल. बाहेरचं कवच सहसा जमिनीशी जोडलेलं, म्हणून अनबॅलन्स्ड. पुढच्याच वर्षी ग्रॅहम बेलने पिळलेल्या जोडीचं पेटंट मिळवलं. तिच्यात गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच येतो आणि वजाबाकीत उडून जातो. ही बॅलन्स्ड. बॅलनच्या दोन टोकांना आज हे दोघं बसलेले असतात!

1886 मध्ये त्याने इम्पिडन्स हा शब्द दिला. 75 ची केबल थेट 120 ला जोडली तर 45 भागिले 195, म्हणजे सुमारे 23 टक्के व्होल्टेज उलटं परततं. बॅलनमधला ट्रान्सफॉर्मर साधारण 1 ला 1.26 वेढ्यांनी हे जुळवतो. म्हणून डबीवर 75/120 आणि 2.048 एमबीपीएस हे दोन्ही बघूनच घ्यायची. सीसीटीव्हीची स्वस्त बॅलन इथे चालवू नये, ती व्हिडिओसाठी बनलेली असते.

1887 मध्ये हेविसाइडने सांगितलं की लाइनमध्ये इंडक्टन्स वाढवला तर लांबचा आवाज विकृत होणार नाही. ब्रिटिश पोस्ट खात्याचे बडे इंजिनिअर विल्यम प्रीस यांचं मत नेमकं उलटं. हेविसाइडचा भाऊ आर्थर त्याच खात्यात होता. दोघांचा निबंध प्रीस यांनी छापूच दिला नाही. साहेबाचं चुकलं तरी खुर्ची साहेबाचीच. पुढे अमेरिकेत मायकेल प्युपिन यांनी याच तत्त्वावर पेटंट घेतलं आणि एटी अँड टीकडून बक्कळ पैसा मिळवला. हेविसाइडच्या हाती काही लागलं नाही.

मान मात्र मिळाला. 1891 मध्ये रॉयल सोसायटीने फेलो केलं, 1922 मध्ये पहिलं फॅरडे पदक मिळालं. तोवर तो टॉर्कीत एकटाच राहत होता, विक्षिप्त म्हातारा म्हणून गावभर ओळखला जात होता. 3 फेब्रुवारी 1925 ला तो वारला.

न्यूयॉर्क ते फिलाडेल्फिया कोॲक्सियलवरून फोनची चाचणी झाली 1936 मध्ये. त्याला जाऊन 11 वर्षं झाली होती.