कृपाबाई सत्यनाथन : घर, आजारपण आणि लेखन

मद्रास शहराच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, चिंताद्रिपेठ भागात झायन चर्च नावाचे जुने प्रार्थनामंदिर आहे. या चर्चचे धर्मोपदेशक रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन यांच्या घरी १८७८ साली अहमदनगरच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबातील सोळा वर्षांची मुलगी राहावयास आली. ती आली होती वैद्यक शिकण्यासाठी. पुढे भारतीय इंग्रजी कादंबरीच्या आरंभकाळातील एक महत्त्वाची लेखिका म्हणून तिचे नाव झाले, परंतु लेखिका होण्याचा संकल्प करून तिने घर सोडलेले नव्हते. कृपाबाई सत्यनाथन यांचे लेखन ज्या वेळात आणि ज्या जागेत झाले, तो वेळ व ती जागा त्यांना प्रामुख्याने आजारपणाने मिळवून दिली, असे त्यांचे चरित्र पाहता म्हणावे लागते.

कृपाबाईंचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजी अहमदनगर येथे झाला. वडील हरिपंत खिस्ती हे अमेरिकन मराठी मिशनच्या प्रभावाने १८३९ मध्ये ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. (खिस्ती हे घराण्याचे मूळचे आडनाव होय, धर्मांतराने ते लाभलेले नाही.) आई राधाबाई. चौदा भावंडांत कृपाबाई तेराव्या. इतक्या मोठ्या कुटुंबात मुलीच्या वाट्यास स्वतंत्र वेळ येणे कठीणच, आणि त्यातून वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. भावांचे धडे चालू असताना जवळ बसून जे कानी पडेल ते टिपावे, अशा रीतीने त्यांच्या शिक्षणाचा प्रारंभ झाला. घराने धर्म बदलला होता, तरी मुलीच्या हाती पुस्तक पाहून कपाळास आठी घालण्याची जुनी सवय एका पिढीत सुटणारी नव्हती. थोरले बंधू भास्कर यांनी मात्र बहिणीची बुद्धी ओळखली, तिच्याशी पुस्तकांविषयी व विचारांविषयी बरोबरीच्या नात्याने बोलणे ठेवले. ते तरुणपणीच वारले. या बंधूंची आठवण कृपाबाईंच्या पहिल्या कादंबरीचा निम्मा प्राण आहे.

मुंबईच्या मिशन शाळेत असताना तेथील एका अमेरिकन डॉक्टर बाईंच्या सहवासाने त्यांना वैद्यकाची ओढ लागली. इंग्लंडला जाऊन शिकण्याची संधी चालून आली होती, पण प्रकृती हे प्रवास-परिश्रम सोसणार नाही असे वैद्यांनी सांगितले. मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश देण्यास आरंभ केला होता. म्हणून इंग्लंडऐवजी मद्रास. पहिल्या वर्षी त्यांनी उत्तम यश मिळविले आणि त्याच वर्षाने त्यांचे शरीर खचले. अभ्यास सोडून १८७९ मध्ये त्या विश्रांतीसाठी पुण्यास बहिणीकडे गेल्या. येथे एक वाट बंद झाली, ती कायमचीच.

केंब्रिजहून परतलेले रेव्हरंड सत्यनाथन यांचे पुत्र सॅम्युएल यांच्याशी १८८१ मध्ये कृपाबाईंचा विवाह झाला. पतीची नेमणूक उटकमंड येथील ब्रीक्स मेमोरियल स्कूलचे मुख्याध्यापक म्हणून झाल्याने संसार निलगिरीच्या थंड हवेत सुरू झाला. तेथे कृपाबाईंनी मुसलमान मुलींसाठी शाळा काढली, आणि तेथेच लिहिण्यास प्रारंभ केला. तोडा जमातीच्या वस्तीला दिलेल्या भेटीवरचा त्यांचा लेख 'साउथ इंडिया ऑब्झर्व्हर'मध्ये आला, तो स्वतःचे नाव न देता, एक भारतीय स्त्री एवढ्याच ओळखीने. पुढे राजमहेंद्री, मग कुंभकोणम् आणि १८८६ मध्ये पुन्हा मद्रास, अशी बिऱ्हाडे हलत राहिली. पाच वर्षांत चार गावे पाहिलेल्या गृहिणीने लेखनाची बैठक कोठे मांडली असेल, हा प्रश्न समीक्षक सहसा विचारीत नाहीत. वास्तविक तो विचारावयास हवा.

मद्रासला स्थिरावल्यावर 'सगुणा' ही आत्मचरित्रात्मक कादंबरी 'मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन'मधून १८८७–८८ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. सासरचे वातावरण येथे लक्षात घेतले पाहिजे. सासूबाई अ‍ॅना सत्यनाथन या मद्रासमधील स्त्रीशिक्षणाच्या कार्यकर्त्या आणि तमिळमध्ये लिहिणाऱ्या. लिहिणारी सासू लाभणे हे त्या काळी केवढे भाग्य! पती स्वतः ग्रंथकार. पत्नीचे लिहिणे हे रिकामपणीचे खूळ न मानता काम मानणारे घर कृपाबाईंना मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे. तथापि या अनुकूलतेची दुसरी बाजूही आहे. त्यांचे एकुलते मूल वर्षाचे होण्याआधीच गेले, आणि क्षयाने शरीरात ठाण मांडले होते. वैद्यांनी अनेक कामे वर्ज्य केलेल्या स्त्रीस अंथरुणापाशी चालू शकेल असे लेखन हे एकच काम उरले. घराच्या पाठबळानेच हे साहित्य घडले असे म्हणणे, म्हणूनच मला अपुरे वाटते.

दुसरी कादंबरी 'कमला' ही त्यांनी शेवटच्या आजारपणात लिहिली. १८९४ मध्ये ती पुस्तकरूपाने निघाली. सगुणा ख्रिस्ती घरातील, तर कमला दख्खनमधील ब्राह्मण घरातील. शास्त्रीबोवांची ही मुलगी सासरी येते. नवरा गणेश तिला शिकवू पाहतो, आणि घरातील बायका त्याची अशी टर उडवितात की तो उद्योग बंद पडतो. रमाबाई रानडे यांचा जन्मही १८६२ चाच. अभ्यास करीत असताना सासरच्या बायकांकडून झालेला जाच त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'मध्ये नोंदविला, तो १९१० मध्ये. एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मराठी स्त्रियांनी एकच कोंडी लिहिली. एकीने ती सोसून मराठीत लिहिली; दुसरीने तिच्या उंबऱ्याबाहेर, तमिळ शहरात बसून इंग्रजीत. कृपाबाईंच्या कमलेला मात्र महादेव गोविंद रानड्यांसारखा खंबीर पती लाभला नाही. गणेशाचे मन तिच्यापासून उडते, ते दुसऱ्या स्त्रीकडे वळते. पुढे वैधव्य आणि अपत्यवियोगही कमलेच्या वाट्यास येतात. मूल गमावलेली लेखिका हे लिहीत होती, याची जाणीव ती पृष्ठे वाचताना सुटत नाही.

दोन्ही कादंबऱ्यांत सह्याद्री, तेथील ओढे, मंदिरे आणि मराठी स्वयंपाकघरे आहेत. ज्या शहरात त्या लिहिल्या गेल्या, त्याचा वाटा त्या मानाने थोडा. असे असूनही, इंग्रजीत लिहिले एवढ्या कारणाने, मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी या लेखिकेकडे फारसे लक्ष दिलेले नाही. भाषेवरून सीमा आखण्याची ही पद्धत सोयीची खरी, परंतु सगुणेचे माहेर तिच्यामुळे बेवारस राहते.

३ ऑगस्ट १८९४ रोजी कृपाबाईंचे निधन झाले. वय अवघे बत्तीस. 'सगुणा' १८९५ मध्ये ग्रंथरूपाने आली. स्त्रीशिक्षण, मुलांचे घरगुती संगोपन अशा विषयांवरील त्यांचे स्फुट लेखन १८९६ मध्ये संकलित झाले, आणि त्याच वर्षी 'सगुणा' तमिळमध्ये उतरली. जे शिक्षण त्यांना सोडावे लागले, त्याच मेडिकल कॉलेजात विद्यार्थिनींसाठी त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवण्यात आली. सॅम्युएल यांनी पुढे दुसरा विवाह केला. या दुसऱ्या पत्नी कमला सत्यनाथन यांनी १९०१ मध्ये मद्रासहून 'इंडियन लेडीज मॅगझिन' हे मासिक सुरू केले.