अशनीच्या शोधात

सैबेरियातील तुंगुस्का नदीच्या खोऱ्यात निबिड अरण्य पसरलेले आहे. ३० जून १९०८ रोजी सकाळी त्या अरण्याच्या आकाशात सूर्यासारखा प्रखर अग्निगोल दिसला आणि पाठोपाठ प्रचंड स्फोट झाला. सुमारे पासष्ट किलोमीटरांवरील वनवारा या वस्तीत खिडक्यांच्या काचा फुटल्या व माणसे जमिनीवर फेकली गेली. हवेत उठलेल्या लाटांची नोंद दूर इंग्लंडमधील यंत्रांनीही केली. तथापि त्या दुर्गम जागेचा शोध घेण्यास कित्येक वर्षे कोणी शास्त्रज्ञ गेला नाही. ते काम अंगावर घेतले लिओनिद कुलिक यांनी.

कुलिक यांचा जन्म १८८३ मध्ये तार्तू या नगरात झाला. हे नगर आज एस्टोनिया देशात आहे. तरुणपणी त्यांनी वनविद्येचे शिक्षण घेतले. पुढे ते पेत्रोग्राडच्या खनिज-संग्रहालयात काम करू लागले. आकाशातून जमिनीवर पडलेल्या दगडांस वा लोखंडाच्या गोळ्यांस अशनी म्हणतात. या अशनींचा त्यांना ध्यासच लागला. एकदा जुन्या दिनदर्शिकेच्या एका पानावर त्यांना सैबेरियातील त्या घटनेची हकीकत वाचावयास मिळाली. १९२१ मध्ये ते सैबेरियात गेले व त्यांनी लोकांच्या आठवणी टिपून घेतल्या.

१९२७ मध्ये एवेंकी वाटाड्यांसह बर्फ आणि दलदल तुडवीत ते स्फोटाच्या जागी पोचले. तेथील दृश्य पाहून ते थक्क झाले. क्षितिजापर्यंत वृक्ष आडवे पडले होते. त्या सर्वांची मुळे मध्याकडे व शेंडे बाहेरच्या बाजूस होते. मध्यभागी मात्र फांद्या गळालेली झाडे खांबांसारखी उभी होती!

येथे मोठे विवर व त्यात लोखंड सापडेल, असे कुलिक यांस वाटत होते. दलदलीतील गोल खड्डे त्यांनी विवरे मानले. पुढील मोहिमेत त्यांनी मोठ्या कष्टाने एका खड्ड्यातील पाणी काढून टाकले. पण तळाशी सापडला झाडाचा रुजलेला खुंट! तेथे अशनी आदळला असता, तर तो खुंट उरलाच नसता. तरीही कुलिक यांनी आशा सोडली नाही. १९३८ मध्ये त्यांनी विमानातून त्या प्रदेशाची छायाचित्रे घेवविली.

१९४१ मध्ये जर्मनीने त्यांच्या देशावर स्वारी केली. तेव्हा सत्तावन्न वर्षांचे कुलिक स्वेच्छेने लढाईस गेले. ते शत्रूच्या हाती सापडले आणि १९४२ मध्ये बंदिवासातच ज्वराने त्यांचा अंत झाला.

पुढे त्या कोड्याचा उलगडा झाला. आकाशातून आलेला तो पिंड जमिनीवर पोचण्यापूर्वीच काही किलोमीटर उंचीवर फुटला होता. म्हणून विवर झाले नाही. स्फोटाच्या अगदी खालच्या झाडांवर हवेचा तडाखा सरळ वरून बसला, म्हणून ती उभी राहिली. दूरच्या झाडांना तो आडवा बसला, म्हणून ती कोसळली. दोन हजार चौरस किलोमीटरांहून अधिक अरण्य असे उद्ध्वस्त झाले होते.

कुलिक यांचा तर्क चुकला. परंतु त्यांनी जमविलेल्या नोंदी व छायाचित्रे यांच्याच आधारे पुढील शास्त्रज्ञांस खरे कारण शोधता आले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ३० जून हा आंतरराष्ट्रीय लघुग्रह दिन म्हणून जाहीर केला. आकाशातून येणाऱ्या संकटाची मानवास वेळीच जाणीव व्हावी, हा त्याचा हेतू होय.