पुढे एक वाट, मागे अनेक : गणितानंद कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. दत्तात्रेय आठ वर्षांचे असताना आईचे छत्र हरपले. पुढे वडिलांनीच त्यांना वाढविले. ज्योतिषाच्या निमित्ताने घरात आकडेमोड चाले आणि अंकांची गोडी मुलाला तेथेच लागली. ज्योतिषाने कोणाचे भवितव्य ठरत नाही, हे बाबासाहेबांच्या अनुयायांस निराळे सांगावयास नको. त्या घरातही पुढे भविष्य मागे पडले आणि आकडे तेवढे उरले, हे बरेच झाले.

माध्यमिक शिक्षण ठाण्यास झाल्यावर १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १९२७ मध्ये स्वतंत्र गणिती लेखनासाठीचे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले आणि १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. याच काळात, १९२५ च्या जानेवारीत, बहिष्कृत हितकारिणी सभेने आपल्या सोलापुरात वसतिगृह उघडले होते. एकीकडे कापरेकर महाविद्यालयात गणिताची पारितोषिके मिळवीत होते, तर दुसरीकडे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला शाळेत टिकून राहण्यासाठी अंथरूण आणि दोन वेळचे अन्न यांची सोय प्रथम करावी लागत होती. कापरेकरांचे मोठेपण यामुळे उणावत नाही. पण वसतिगृहाच्या स्मरणिकेत हा काळ लिहिताना ही गोष्ट गाळून चालणार नाही.

१९३० मध्ये ते नाशिकजवळच्या देवळाली येथे शिक्षक झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. विद्यापीठाचे पद नाही, मोठे ग्रंथालय हाताशी नाही. शाळेचे तास संपल्यावर कागद, पेन्सिल आणि संख्या एवढेच त्यांचे साहित्य. आपले निष्कर्ष ते बहुधा लहान लहान पुस्तिकांतून स्वतःच छापून प्रसिद्ध करीत. गणिताच्या परिषदांना ते उत्साहाने जात; पण तेथील अनेक विद्वानांना हे काम पोरखेळ वाटे आणि काही जण हसतही. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ यांची बेरीज पुन्हा ४५, अशा गोष्टींत आयुष्य घालविणाऱ्या शाळामास्तराकडे पाहण्याची ती रीतच होती. या प्रकारच्या संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात.

त्यांचे नाव सर्वाधिक गाजले ते ६१७४ या संख्येमुळे. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. चारही अंक सारखे मात्र नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, मग चढत्या क्रमाने मांडावेत, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. आलेल्या संख्येवर हीच कृती पुन्हा करावी. वजाबाकी तीन अंकी आली तर आरंभी शून्य धरून चार अंक पुरे करावेत. धम्मदीक्षेचे वर्ष १९५६ घेऊ. ९६५१ मधून १५६९ वजा केले की ८०८२. ८८२० मधून ०२८८ वजा केले की ८५३२. आणि ८५३२ मधून २३५८ वजा केले की ६१७४. आता बाबासाहेबांचे जन्मवर्ष १८९१ घेतले, तर क्रमाने ८६२२, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि पुन्हा ६१७४. कोठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हाच मुक्काम येतो, आणि एकदा आला की सुटत नाही. कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४ च उरतात. १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला.

कापरेकरांचे चरित्र या स्मरणिकेत देण्यास आणखी एक कारण आहे. दहावीपर्यंत मराठीत गणित शिकलेली आपली मुले अकरावीच्या विज्ञान शाखेत जातात, तेव्हा इंग्रजीतून शिकताना संबंध आणि फलन हे दोन शब्द त्यांच्यापुढे एकदम येतात. संबंध म्हणजे दोन संचांतील घटकांच्या जोड्या; त्या कशाही असोत. फलन हाही संबंधच, पण अटीचा : पहिल्या संचातील प्रत्येक घटकाला दुसऱ्या संचात जोडीदार असलाच पाहिजे, आणि तो एकच असला पाहिजे. व्याख्या पाठ होते. परीक्षेत मात्र हमखास उलटापालट होते. दोन निरनिराळ्या संख्यांना एकच उत्तर आले की पुष्कळ मुले ते फलन नव्हे असे लिहून मोकळी होतात. दोष मुलांच्या बुद्धीचा नाही. अट कोणत्या बाजूस लागू आहे, हे त्यांना कोणी हाताने करून दाखविलेले नसते.

आपल्या सात रस्त्याचाच विचार करावा. चौकात मिळणाऱ्या कोणत्याही रस्त्याने चौकाकडे चालू लागा, पोहोचाल ते एकाच चौकात. रस्ता सांगितला की मुक्काम ठरला. हे फलन झाले. अनेक रस्त्यांचा मुक्काम एक असण्याने त्यास बाध येत नाही. आता चौकात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहून तो कोणत्या रस्त्याने आला हे सांगावयाचे म्हटले, तर उत्तरे अनेक संभवतात. हा संबंध आहे, फलन नाही. १९५६ आणि १८९१ दोन्ही ६१७४ पाशी पोहोचतात, पण ६१७४ पासून उलट निघून मूळ वर्ष कोणते होते ते ठरविता येत नाही.

याहून सोपी आणि वर्गात अधिक उपयोगी पडणारी कृती कापरेकरांनी दिली आहे. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावयाची. १६ मध्ये १ आणि ६ यांची बेरीज ७ मिळविली की २३. येथे १६ हा २३ चा जनक झाला. प्रत्येक संख्येला या नियमाने पुढची संख्या मिळते आणि ती एकच मिळते. काही मुलांची अशी समजूत असते की, क्ष चे सूत्र लिहिता आले नाही तर ते फलन नव्हे. अठराव्या शतकात ऑयलरसारख्या थोर गणितज्ञानेही आरंभी फलनाची व्याख्या सूत्रावरूनच केली होती. १८३७ मध्ये डिरिख्ले या जर्मन गणितज्ञाने ती सूत्राच्या बंधनातून मोकळी केली. अंकांच्या बेरजेचा हा नियम शब्दांत सांगितलेला आहे, तरी त्याचे फलनत्व पक्के आहे.

गंमत आहे ती उलट दिशेस. १९५६ चा जनक शोधू लागलो तर १९४१ हा एकच सापडतो : १९४१ मध्ये १५ मिळविले की १९५६. १०१ ला मात्र दोन जनक आहेत, ९१ आणि १००. आणि २० चा जनक शोधीत बसलो तर तो मिळतच नाही. एक, दोन, आणि एकही नाही, अशी तिन्ही उत्तरे एकाच पाटीवर येतात. तेव्हा संख्येकडून तिच्या जनकाकडे जाणारा संबंध फलन का होत नाही, याची दोन्ही कारणे मुलांना दिसतात : कोठे जोडीदार दोन आहेत, तर कोठे तो मुळीच नाही. पाचवीतल्या मुलालाही हे करता येते आणि अकरावीच्या मुलाला याची व्याख्येशी सांगड घालता येते. वर्तुळाच्या समीकरणात क्ष ला ३ घातल्यावर य ला ४ आणि उणे ४ अशा दोन किमती का मिळतात आणि म्हणून ते फलन का नाही, हे त्यानंतर शिकविणे फारच सोपे जाते.

ज्यांना जनक नाही अशा संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटले. शंभराच्या आत त्या १३ आहेत : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. त्यांच्या गावावरून यांना देवळाली संख्या असेही म्हणतात. कारणावाचून काही उत्पन्न होत नाही हे वंदनेनंतर ऐकणाऱ्या आपल्या मुलांपैकी एखादा चुणचुणीत विद्यार्थी या नावावर हरकत घेईल, आणि ती घ्यावीच. २० ही संख्या स्वयंभू आहे ती एवढ्या एका नियमापुरती. नियम बदलला की १९ मध्ये १ मिळवून ती सहज होते. संबंध कोणता हे सांगितल्यावाचून जनक आहे की नाही या प्रश्नास अर्थ नाही, हेही गणितच आहे.

तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्याही कापरेकरांनीच शोधली. एक, त्यापुढे १२ शून्ये आणि शेवटी पुन्हा एक, अशी ती १४ अंकी आहे. तिचे दोन जनक ९९९९९९९९९९८९२ आणि ९९९९९९९९९९९०१. तिसरा १०००००००००००० च्या दहापट. हे काम गणकयंत्राच्या मदतीने झालेले नाही, हे ध्यानात घेऊनच त्या पोरखेळाचे मोल करावे.

निवृत्तीनंतरचे दिवस ओढग्रस्तीचे गेले. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतनात भागेना, म्हणून ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेत. स्वयंभू संख्यांवरील त्यांची पुस्तिका १९६३ ची. पण बाहेरच्या जगाला त्यांची खरी ओळख झाली ती १९७५ च्या मार्चमध्ये, अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन या मासिकातील आपल्या सदरात त्यांच्या संख्यांवर लिहिले तेव्हा. कापरेकर तेव्हा ७० वर्षांचे होते. त्यानंतर देशोदेशीच्या गणितप्रेमींनी या संख्या पडताळून पाहिल्या, पुढे वाढविल्या, आणि गणकयंत्रावर त्यांची आज्ञावली लिहिणे हा नवशिक्यांचा नेहमीचा अभ्यास होऊन बसला. १९८६ मध्ये कापरेकरांचे निधन झाले. परिषदांतून त्यांना हसणाऱ्यांपैकी कितीजणांची नावे आज कोणाला आठवतात, हे त्या परिषदांचे वृत्तान्त चाळणाऱ्यांनी पाहावे.